सही करण्याआधी

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेची वही पूर्वी आमच्या गावात घरोघर फिरायची. दुपारी सातवीतला एखादा मुलगा दारात उभा राहायचा, "काकू, सरांनी सही सांगितलीय" म्हणायचा. बाई पदराला हात पुसून सही करायची, नाहीतर अंगठा उठवायची, आणि कागदोपत्री सभा झालेली असायची. बऱ्याच गावांत अजूनही असंच चालतं. मुलगी शाळेत असल्यामुळे मी या समितीवर आले, आणि तेव्हापासून एक गोष्ट मला वरचेवर जाणवत राहिली आहे: जिल्हा परिषदेची शाळा टिकवायची असेल तर सुरुवात या वहीपासून करावी लागेल. शिक्षक, पुस्तकं, तांदूळ, इमारतीचा पैसा हे सगळं वरून येतं आणि ते यायलाच हवं. पण शाळेत काय कमी आहे ते वरून दिसत नाही. ज्यांना दिसतं, त्यांना बोलायला जागा लागते.

ही जागा कायद्यानेच दिलेली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या जागांवर बायका हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात, आणि दर दोन वर्षांनी पालकसभा बोलावून नवी समिती निवडायची असते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा तयार करणं, आलेलं अनुदान कुठे खर्च होतंय ते पाहणं ही तिची कामं. म्हणजे पाचवी शिकलेल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला तिच्या मुलाच्या शाळेचं नियोजन करायचा अधिकार देशाच्या संसदेने दिलेला आहे. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आणि ती पालकांना कुणी नीट सांगतच नाही, याचं वाईटही वाटतं.

आमच्याकडे वही फिरायची थांबली ती एका मुख्याध्यापकांमुळे. त्यांनी भाषण केलं नाही, परिपत्रक वाचून दाखवलं नाही. सकाळी अकराची सभा संध्याकाळी साडेपाचला घ्यायला लागले, एवढंच. रानातनं माणसं परतायची ती वेळ. बायका येऊ लागल्या. पहिल्या काही सभांना नुसत्या बसून असायच्या. बोलायचे ते अध्यक्ष, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि सर. मग आराखड्याची सभा आली.

पाचवीच्या वर्गात सतरंजीवर बसलो होतो. सर एकेक काम वाचत होते: संरक्षक भिंत, दोन वर्गांची रंगरंगोटी, बंद पडलेला प्रोजेक्टर. भिंतीवर बराच वेळ गेला, कारण भिंत म्हटली की ग्रामपंचायत आली, निधी आला, हद्दीचा वाद आला. दाराशी बसलेली एक आई, डाळिंबाच्या बागेत रोजानं जाणारी, मध्येच म्हणाली, "सर, भिंत हुंदी की, पण आदी पोरींच्या संडासाला आतनं कडी लावा. माझी पोरगी घरनं निघाल्यापास्नं पाणीच पीत न्हाई."

वर्गात शांतता पसरली. मग दुसरी म्हणाली, माझीपण नाही पीत. तिसरी म्हणाली, पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे नेली होती, तेव्हा कळलं.

सर चांगले होते, मुलांवर माया करणारे होते, आणि त्यांना हे माहीत नव्हतं. माहीत असायला मार्गच नव्हता. दरवर्षी यू-डायसची, म्हणजे सरकारकडे जाणारी शाळेची माहिती भरताना 'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह' यापुढे 'होय' असं लिहिलं जात होतं आणि ते खरंच होतं. स्वच्छतागृह होतं, वेगळं होतं, पाण्याची टाकीही होती. फक्त आतली कडी तुटली होती. लहान मुली जोडीनं जायच्या, एक आत आणि एक बाहेरून दार ओढून धरणारी. पाचवी-सहावीतल्या मुलींनी जाणंच बंद केलं होतं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी. हे त्या सरांना सांगणार नव्हत्या. आईला सांगत होत्या. आईला सांगायला सभा मिळाली म्हणून ते वर्गात आलं.

दुसऱ्या दिवशी गावातला वेल्डर आला. ती बाई कामावर जायच्या आधी शाळेत येऊन उभी राहिली आणि तिनं त्याला कडी दारावर खाली लावायला लावली, पहिलीतल्या पोरीचा हात पुरेल अशी. वरची एक आणि खालची एक, अशा दोन कड्या झाल्या. खर्च इतका किरकोळ, की आराखड्यात त्याला वेगळी ओळ लागली नाही. पण मला विचाराल तर त्या वर्षी आमच्या शाळेत झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते होतं. माहितीच्या रकान्यात कडी मावत नाही. कितीही हुशार अधिकारी असो, साताऱ्यात किंवा पुण्यात बसून त्याला ती दिसणार नाही.

शाळा कुणाच्या हातात असावी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९११ मध्ये, गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. त्यांची मागणी तशी बेताची होती. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना वाटलं तर त्यांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करता यावं, एवढीच. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. देशाने जे नाकारलं ते काही संस्थानांनी करून दाखवलं. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेलीपासून सुरुवात करून १९०६ मध्ये सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला एक रुपया!

मुंबई इलाख्यात मग १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात, तो हा काळ. इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते: शाळा लोकांच्या जवळ आली, चांगलं झालं. पण १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बहिष्कृत हितकारिणी सभा या संस्थेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी नेमकी उलट मागणी केली आहे. प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांच्या हाती सोपवणं थांबवा, नाहीतर अस्पृश्य मुलांचं शिक्षण मागे पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्थानिक कारभाराचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हे निवेदन वाचावं, असं मला मनापासून वाटतं. बोर्डावर बसणार होते कोण? ज्यांच्या गावात महारा-मांगाच्या मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात, पायरीशी बसवलं जात होतं, तेच लोक. बोर्ड गावाच्या जवळ आलं खरं, पण त्या मुलासाठी ते जवळ आलंच नव्हतं. सरकार लांबचं होतं, परकं होतं, तरी त्याच्याकडे दाद मागायची थोडी आशा होती. आपल्या गावावर माझं प्रेम आहे, पण गाव आपोआप न्यायी असतं असं मी कधीच म्हणणार नाही. सभेत कोण सतरंजीवर मध्ये बसतं आणि कोण दाराशी, हे मी आजही पाहते. कडीबद्दल बोललेली बाई दाराशी बसली होती, हे मी मघाशी सहज लिहिलेलं नाही.

म्हणूनच २१ व्या कलमातल्या त्या जागा, बायकांच्या आणि वंचित घटकांच्या, मला त्या कायद्याचा गाभा वाटतात. १९२३ च्या बोर्डांत जे नव्हतं ते इथे लिहून ठेवलं आहे. स्थानिक म्हणजे गावातल्या वजनदार माणसांचं राज्य, असं होऊ द्यायचं नसेल तर ज्यांची मुलं त्या शाळेतच शिकतात, ज्यांना दुसरी शाळा परवडत नाही, त्यांच्या हातात मत असलं पाहिजे.

साताऱ्याचा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शेकडो व्हॉलंटरी शाळा ज्या खेड्यांत काहीच नव्हतं तिथे उभ्या राहिल्या आणि पुढे जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या. कितीतरी गावांत शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची, मग गावातल्या कुणीतरी जागा दिली, लोकांनी दगड वाहिले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने बोर्डांची घडी बदलली, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा त्यांच्याकडे गेल्या. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती असते, तिचे निवडून आलेले सदस्य असतात. पण २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासक कारभार पाहत राहिले. त्या काळात शाळेशी संबंध असलेली, लोकांनी निवडलेली आणि चालू असलेली एकच समिती बऱ्याच गावांत उरली होती, ती पालकांची.

स्थानिक सत्तेचा आणखी एक दोष मला मान्य करावाच लागेल. बदल्यांचा. पूर्वी शिक्षकाची बदली कुठल्या पुढाऱ्याच्या शब्दावर व्हायची, हे शिक्षकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी, विशेषतः शिक्षिकांनी, सुटकेचा श्वास घेतला. ते योग्यच झालं. बदली, पगार, भरती या गोष्टी गावापासून लांब राहिलेल्याच बऱ्या. तिथे नियम हवा, ओळख नको.

पण काय लांब ठेवावं आणि काय जवळ, हे नीट ठरवलं नाही तर काय होतं ते गणवेशाच्या बाबतीत सगळ्या राज्याने पाहिलं. आधी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन गणवेशांचे मुलामागे सहाशे रुपये समितीकडे यायचे. समिती कापड ठरवायची, गावातल्या नाहीतर बाजारच्या गावातल्या शिंप्याकडे माप द्यायची. शिंपी ओळखीचा असतो. वाढत्या अंगाचं पोर म्हणून तो चड्डीच्या कमरेला आणि बाह्यांना आत माया सोडतो, दिवाळीनंतर ती उसवून द्यायची असते हे त्याला सांगावं लागत नाही. मग 'एक राज्य, एक गणवेश' आला. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली आणि शिलाई बचत गटांमार्फत. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. बचत गटाच्या बायकांना काम मिळावं, ही कल्पना तर चांगलीच होती. पण अनेक शाळांत १५ ऑगस्ट उलटून गेला तरी गणवेश आले नव्हते, आणि आले ते ठिकठिकाणी मापात बसत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा समित्यांकडे दिले.

या सगळ्या प्रकरणात मला एक गोष्ट दिलासा देणारी वाटली. गावोगावच्या पालकांनी तक्रार केली आणि ती ऐकली गेली. त्यांना तक्रार करता आली, कारण आदल्या वर्षांत ते काम त्यांनी स्वतः केलेलं होतं. कापड कितीला येतं, शिलाई किती, किती दिवस लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याने हिशेब केला आहे त्याला फसवणं अवघड असतं.

पैशाबद्दलही थोडं लिहायला हवं. शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत मुलं असतील तर दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यात खडू, झाडू, साबण, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं भागवायचं. तेही बरेचदा शैक्षणिक वर्ष सरत आल्यावर जमा होतं. मग गुरुजी खिशातून घालतात, किंवा गावाकडे लोकवर्गणी मागतात. लोकवर्गणीबद्दल माझ्या मनात दोन भावना आहेत. गाव शाळेसाठी देतं तेव्हा आनंद होतोच. मुंबईला माथाडीत असलेली आमच्याकडची माणसं यात्रेला आली की शाळेला आवर्जून देतात. पण हे सरकारच्या जबाबदारीच्या जागी उभं राहायला लागलं की माझा विरोध आहे. ज्या गावाची माणसं मुंबईत कमावतात तिथल्या शाळेत टीव्ही येणार, आणि ज्या वाडीत सगळेच रोजंदारीवर, तिथे फळाही फुटका राहणार, हे सार्वजनिक शाळेला शोभत नाही. समितीचा अधिकार गावाचा, पण पैसा सगळ्या राज्याचा, आणि जिथे गरज जास्त तिथे तो जास्त.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सकाळी साडेसातला पिवळी व्हॅन गावात येते आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत मुलं घेऊन जाते. त्या आईबापांना मी दोष देत नाही. इंग्रजी आलं नाही तर पोरगं मागे राहील ही भीती खरी आहे, आणि ती मलाही आहे. पण व्हॅनमध्ये आधी कोण बसतं? दुकानदाराचं मूल, सोसायटीच्या सचिवाचं, सरपंचाचं, आणि हे लिहिताना त्रास होतो, पण कित्येक ठिकाणी शिक्षकांचंही. म्हणजे ज्यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन लावता येतो, ज्यांचा अर्ज ऑफिसात वाचला जातो, ते पालक शाळेतून आधी जातात. मागे राहतात ते, ज्यांचा शब्द कुठे पोचत नाही. पट कमी झाला म्हणून शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला म्हणून पट आणखी उतरतो. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, त्यात एक जण निवडणुकीच्या नाहीतर प्रशिक्षणाच्या कामाला गेलेला, मग चौथीच्या मुलानं पहिलीच्या मुलांना बाराखडी म्हणून दाखवायची. व्हॅन थांबवायचा कायदा कुणी करू शकत नाही आणि करूही नये. पण ज्यांना पर्याय आहे अशा पाच-दहा घरांनी जरी मुलं गावच्या शाळेत ठेवली आणि समितीवर येऊन बसली, तरी त्या शाळेचा रंग बदलतो. हे मी आमच्या तालुक्यात पाहिलं आहे.

आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तर याहून नाजूक आहेत. २०२३ मध्ये सरकारने समूह शाळांची कल्पना मांडली: कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, मुलांसाठी वाहनाची सोय करायची. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. मोठ्या शाळेत सोबती मिळतात, खेळ होतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, हे म्हणणं मी झटकून टाकणार नाही. आठ मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. पण आमच्या माणदेशातल्या वस्त्या कशा आहेत ते आधी पाहा. दोन हजार सालानंतर इथे वस्तीशाळा सुरू झाल्या त्या हौसेनं नव्हे. ओढा ओलांडून, माळ तुडवून सहा वर्षांचं पोर मूळ शाळेत पोचत नव्हतं म्हणून. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम त्याच कारणासाठी आहे. गाडी एक दिवस आली नाही, ठेकेदाराचं बिल थकलं, की मुलाचा शाळेचा दिवस बुडतो, आणि मुलगी असेल तर हळूहळू शाळाच बुडते. माझी मागणी एवढीच आहे, की अशी कुठलीही शाळा त्या शाळेच्या पालकांच्या ठरावाशिवाय बंद होऊ नये. पालकांनीच म्हटलं, आम्हाला मोठी शाळा हवी, तर खुशाल करा. पण ठराव खरा असला पाहिजे, सभा खरी झाली पाहिजे.

येत्या जूनमध्ये आमच्या समितीची मुदत संपते. पालकसभेत नवे सदस्य निवडले जातील. मेंढपाळांच्या वस्तीवरून आमच्या शाळेत मुलं येतात, पण त्यांच्यातलं आजवर कुणी समितीवर आलेलं नाही. यंदा त्यांच्यातल्या एका आईला आम्ही काही जणींनी उभं राहायला तयार केलं आहे. तिचं पहिलं काम तिनं आत्ताच सांगून ठेवलंय: पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्तीवरची मुलं तीन-तीन दिवस घरी राहतात, तिथे फरशी पूल होईपर्यंत निदान त्या दिवसांत गुरुजींनी वस्तीवर येऊन शिकवावं. सर म्हणाले, आराखड्यात घालू. आता अडचण उरली आहे ती वेळेची. मेंढरं वाड्यात घालून, माणसांचं जेवण उरकून तिला साडेपाचला येता येत नाही. म्हणून पुढच्या सभा रात्री आठला ठेवायच्या असं ठरतंय, आणि परत जाताना तिला सोबत म्हणून कुणी जायचं याची पाळी लावायचं काम माझ्याकडे आलं आहे.